कोरी जागा

"हाऊ आर यू?" टेपरेकॉर्डरमधल्या बाईंनी विचारले आणि उत्तरापुरती टेप कोरी सोडली.

त्या कोऱ्या जागेत बेचाळीस पोरे एका सुरात ओरडली, "हाऊ आर यू?"

"अबे, तिलेच परत काऊन इचारता?" रंगराव मास्तरांनी कपाळाला हात लावला. "तिनं इचारलं, तुमी सांगा!"

"सर, तुमीच म्हनता ना, मांगून म्हना," गौसिया म्हणाली.

खरेच होते. देऊळघाटात अठरा वर्षे पाढे, कविता, इंग्रजी, सगळे त्यांनी असेच मागून म्हणवून घेतले होते. आता, सदुसष्ट साली, हे एक यंत्र शाळाशाळांतून फिरत आले होते. शुक्रवारी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार. पोरांनी उत्तरे दिली तर यंत्र परीक्षेपर्यंत इथेच. नाही तर नांदुऱ्याच्या शाळेला.

टेप.

"व्हेअर डू यू लिव्ह?"

कोरी जागा.

शाळा सुटली की मास्तर एकटेच यंत्र लावून बसत. बायको, सत्यभामाबाई, वारून सहा वर्षे झाली होती. घरी कुलूप, चूल, खाट. इथे निदान कुणी विचारत तरी होते.

"देऊळघाट," ते हळूच सांगत.

"डू यू लाइक टी?"

"येस. विदाउट शुगर." एवढे सांगायची गरज नव्हती.

"सर, कोनाशी बोलून राह्यले?" शिपाई सईद किल्ल्या घेऊन दारात उभा.

"धडा तपासतो बे."

"तपासा, तपासा. चार दिवसांपासून त्याच धड्यावर हाय तुमी."

शुक्रवार.

साहेब खुर्चीत. टेप. "हाऊ आर यू?"

उत्तर चार दिवस घोकून घेतले होते. पण साहेबांना पाहून पोरे बावरली आणि जीभ जुन्या वाटेने गेली. बेचाळीस आवाज: "हाऊ आर यू?"

साहेब हसले. "मास्तर, यंत्र इथं वाया जातंय."

सईदने ते जीपमध्ये ठेवले. मास्तरांनी धुळीसाठी म्हणून स्वतःचा टॉवेल त्याला गुंडाळला.

शनिवार.

टेबलावर एक चौकोन, तेवढाच बिनधुळीचा. मास्तर त्याच्यामागे उभे राहिले.

"हाऊ आर यू?"

"हाऊ आर यू?" पोरे त्यांच्याकडे बघत ओरडली.

या वेळी ते रागावले नाहीत. टेपवर सोडतात तेवढा वेळ गेला. गौसिया वाट पाहत होती.

"आय अ‍ॅम..." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "फाइन."

बेचाळिसांतल्या एकानेही मागून म्हटले नाही.