लाल दोऱ्याची काकडी

धाकटीने तिसऱ्या काकडीच्या देठाला लाल दोरा गुंडाळला, दोन गाठी मारल्या आणि उरलेलं टोक दाताने तोडलं. दोरा फारच नवाकोरा दिसत होता. तिने वाफ्यातली ओली माती चिमटीत घेऊन त्याला चोळली आणि वर थोडी धूळ लावली. आता तो महिनाभर उन्हातान्हात काढल्यासारखा दिसायला लागला. पन्नाशी ओलांडली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि धाकट्यांना लबाडी जमत नाही असं धरून चालत. आज ते तिच्या पथ्यावर पडणार होतं.

तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या मळ्यात लाल दोऱ्याला फार मान होता. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी अप्पा त्याची कळी बांधून टाकत, म्हणजे मधमाशी आत शिरायला नको. सकाळी कळी सोडायची, आपल्याच वेलावरच्या नर फुलाचे पराग हाताने लावायचे, पुन्हा बांधायची, आणि देठाला लाल दोरा. ती काकडी कोणी तोडायची नाही. पिवळी होऊन वेलावरच पिकेपर्यंत ठेवायची, कारण बी तिचंच धरायचं. बाकीच्या फळांत कुठले पराग आलेत, कोण सांगणार? तीस वर्षं असं निवडून निवडून अप्पांनी ती पातळ सालीची, देठापर्यंत गोड काकडी घडवली होती.

या तीन काकड्यांच्या कळ्या कोणीच बांधल्या नव्हत्या. उलट धाकटीने कुंपणावर कडू रानकाकडीचे दोन वेल मुद्दाम चढवले होते आणि मधमाश्यांना मोकळं रान दिलं होतं. फळ दिसायला नेहमीसारखंच होतं. कडूपणा होता तो बियांत, आणि ते बी पेरल्यावर जी काकडी लागेल ती तोंडात धरवणार नव्हती.

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. धाकटीने हात झटकले.

गाडीतून उतरणाऱ्या साहेबांना ती एकेकाळी दादा म्हणायची. शिकत असताना तो दोन हंगाम या घरात राहिला, आईच्या हातचं जेवला, अप्पांच्या मागे मागे वाफ्यांतून फिरला. जाताना नमुना म्हणून मूठभर बी घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी दुकानात पाकीट आलं. त्यावर यांच्याच काकडीचं चित्र आणि खाली भलतंच नाव. पाठोपाठ नोटीस आली की, ही जात कंपनीच्या मालकीची आहे, तिचं बी विकायचं नाही. अप्पांनी ती नोटीस दोनदा वाचून घेतली, मग मळ्यात जाऊन एकेक वेल स्वतःच्या हाताने उपटला. वर्षाच्या आत ते गेले. काकडीपायी कधी कोणी मरतं का, असं लोक म्हणाले. धाकटीला ठाऊक होतं की मरतं.

"धाकटे, ओळखलंस का?" साहेब बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरून जपून येत होते.

"न ओळखायला काय झालं, साहेब? या."

दादा न म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"चार महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलंच मी. नजर जाईल तिथपर्यंत आमचीच काकडी होती. एका हंगामात भुरीने सगळी झोपवली. पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी. एकच जात सगळीकडे लावली, तिला जे लागलं ते सगळ्यांना लागलं. मूळ बीच तग धरेल."

"तुमच्याकडे नाही ठेवलंत?"

"होतं. सुधारता सुधारता हरवलं."

धाकटीला हसू आलं, ते तिने गिळलं. ती त्यांना वेलाकडे घेऊन गेली आणि पानं बाजूला सारून उभी राहिली.

आता तिची नजर त्यांच्या बोटांवर खिळली. कळीच्या वेळी बांधलेला दोरा देठ जाड होताना त्यात रुतून बसतो, त्याखाली नखसुद्धा जात नाही. मागाहून बांधलेला मात्र बोट लावलं की गोल फिरतो. दोरा आधी फिरवून बघायचा, मगच बी धरायचं, हे अप्पांनी दादाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. साहेब वाकले. लाल रंग बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अजून लाल दोराच वापरतेस!" असं म्हणत त्यांनी खिशातला चाकू काढला आणि तिन्ही काकड्या कापून पिशवीत टाकल्या.

बोट लावलंच नाही. धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच संताप आला. या घरातून एवढं घेऊन गेला आणि एवढंसुद्धा लक्षात ठेवलं नाही. जाऊ दे. गेले चार महिने ती रोज एकच चित्र डोळ्यांसमोर आणत होती. कंपनीचं शेत, रांगेत उभे मोठे साहेब, पहिल्या काकडीच्या फोडी, आणि मग सगळ्यांची वाकडी झालेली तोंडं. त्या तोंडांसमोर उभा असलेला हा.

"एक सांगायचं राहिलं," साहेब म्हणाले. "या वेळी नाव मी ठरवलंय. फार भांडलो वरच्यांशी. पाकिटावर अप्पांचं नाव असेल."

तेच शेत, त्याच फोडी, तीच वाकडी तोंडं धाकटीला पुन्हा दिसली. फक्त पाकिटावर आता अप्पांचं नाव होतं, आणि लोक थुंकत होते.

"कोणाला विचारून ठरवलंत?"

"म्हणजे? तुला आनंद होईल असं वाटलं."

"ती पिशवी द्या जरा."

तिने एक काकडी बाहेर काढली, दोऱ्यावर बोट ठेवलं आणि फिरवलं. दोरा देठाभोवती सहज फिरला. तिने दुसरी काढली. तोही फिरला. तिसरी काढायची गरज पडली नाही. साहेब आधी देठाकडे बघत होते, मग त्यांची नजर कुंपणावर गेली आणि रानकाकडीच्या वेलांवर थांबली.

"धाकटे, हे तू मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम. चार महिने राबले त्यासाठी."

"मग आता का सांगितलंस?"

"तुमच्यासाठी नाही सांगितलं."

साहेब बांधावरच बसले. बुटांचं भान राहिलं नाही.

"खरं बी आहे तुझ्याकडे?"

"येताना दोन्ही बाजूंना घरं लागली ना? प्रत्येकाच्या दारात वेल आहे. बघितला असेल."

"काचा वर होत्या गाडीच्या."

"तेच बी आहे ते. अप्पा दर वर्षी घरटी मूठभर वाटायचे. तुमची नोटीस आली तरी कोणी वेल उपटले नाहीत. उपटले ते एकट्या अप्पांनी. यंदा तुमची भुरी इथवर आली होती, पण एक पान वाळलं नाही."

साहेब ताडकन उठले. "मग कुठल्याही घरी मागितलं तरी मिळेल."

"मागायची सवय नाही तुम्हाला. पण बघा मागून."

साहेबांनी गाडी तिथेच ठेवली आणि चालत निघाले. धाकटी कुंपणाला टेकून बघत राहिली. तिने कोणाला काही पढवून ठेवलं नव्हतं. पहिल्याच दारात कपडे शिवणाऱ्या काकू बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून सगळं ऐकून घेतलं.

"अप्पांचं बी?" काकू म्हणाल्या. "कोण अप्पा?"

पलीकडचे निवृत्त पोस्टमन खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या टकलाच्या वर वीतभर अंतरावर चार काकड्या लोंबत होत्या. ते म्हणाले, "काकडी? आमच्याकडे? हा दोडका आहे हो, साहेब."

सूड घेऊन काही हलकं वाटत नाही, असं धाकटीने पुष्कळदा ऐकलं होतं. तिला मात्र वाटलं. अगदी मोकळा श्वास आला.

तिसऱ्या दारात साहेबांनी बियांचं नाव काढलं नाही. नुसतं पाणी मागितलं. ते मात्र त्यांना लगेच मिळालं.