गोल काचेचा फर्मा

सुरतेत वेसूच्या बाजूला हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याचा बंगला उभा राहत होता, आणि त्याच्या एका दारापायी वर्षभर माणसांच्या झोपा उडाल्या होत्या. शेठाणी हेतलबेन दुबईला जाऊन आल्या, तिथल्या कुठल्याशा हॉटेलात अर्धगोल दार पाहिलं, आणि सरळ दार त्यांच्या मनातून उतरलं ते उतरलंच. मधे दाराचे गोल सागवानी पल्ले, दोन्ही अंगांना गोल काच, सगळं मिळून अर्धं वर्तुळ. मुंबईच्या व्यापाऱ्याने तीन महिने चहा पाजला आणि हात वर केले. काच चीनहून आणायची तर वाटेत फुटली की पुन्हा चार महिने बोटं मोडत बसा. अशा वेळी साइटचा सुपरवायझर वैभव पुढे झाला. काच इच्छापोरच्या कारखान्यात वाकवून घेऊ, पल्ले इथेच बनवू, माझे मामा आहेत, असं त्याने छातीठोक सांगितलं.

हे मामा म्हणजे मारुती मिस्त्री. मूळचा परभणीकडचा, पण तीस वर्षं सुरतेत काढलेला. लिंबायतला दोन खोल्या, बायको पार्वती घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवणारी. मारुतीचं खास काम फर्म्याचं. गोल काच टेपने मोजून मागवता येत नाही. जागेवर लाकडी साचा करून कारखान्यात पाठवावा लागतो, त्याला फर्मा म्हणतात. त्यावरून काच भट्टीत वाकवायची आणि मग कडक करायची. एकदा कडक झाली की तिला कापता येत नाही की घासता येत नाही. म्हणून फर्मा चुकला की काच भंगारात. उधन्यापासून वेसूपर्यंत मारुतीच्या फर्म्यावर कोणी दुसऱ्यांदा टेप लावत नसे. घर नाही, शेत नाही, एवढं नाव तेवढं त्याने कमावलं होतं, आणि त्या नावावर दोन वेळची चूल पेटत होती.

फर्मा देताना एक गोष्ट मात्र तोंडाने सांगावी लागते. हा फर्मा काचेच्या आतल्या अंगाला लागतो की बाहेरच्या? उलटं सांगितलं की वाक लहानमोठा होतो आणि चौकटीत फट राहते. मारुती जन्मभर आतूनच फर्मा घेत आला. वैभव टेम्पो घेऊन इच्छापोरला निघाला तेव्हा मारुतीने त्याला दोनदा बजावलं, "आतून हाय म्हणून सांग बरं का."

"सांगतो की मामा, मी काय लहान हाय का?" वैभव म्हणाला.

काचा आल्या. आठ माणसांनी उचलून लावल्या आणि सगळ्यांची तोंडं उतरली. काच आणि चौकट यांच्यात वरपासून खालपर्यंत दोन बोटांची फट. मारुतीने ती फट नुसती पाहिली आणि त्याला उमगलं. त्याने वैभवला गच्चीवर नेलं.

"बाहेरून सांगितलंस ना?"

वैभव आधी फोनशी खेळला, मग रडकुंडीला आला. फर्मा देताना त्याच्या कानाला फोन होता. कारखान्यातल्या गोपालने विचारलं, "बाहेरून ना?" आणि याने मान हलवली. एवढंच झालं होतं.

"मामा, तुमी अंगावर घ्या," वैभव म्हणाला. "मी गेलो तर तुमालाबी काम कोन देनार? मी ऱ्हायलो तर महिन्याभरात सगळं निस्तरतो."

आता परभणीकडचा मामा काय असतो ते ज्याला ठाऊक नाही त्याला हे पटायचं नाही. तिकडे भाचा वयाने लहान असला तरी मामा त्याच्या पाया पडतो. शंभर ब्राह्मण जेवू घालावेत आणि एक भाचा, पुण्य सारखंच. भाच्याकडे बोट दाखवून चार परक्यांत त्याला खोटं पाडणं म्हणजे बहिणीच्या दारात आयुष्यभर तोंड दाखवायची सोय नाही. मारुती अडाणी नव्हता, पण या बाबतीत गाढव होता. त्याने हो म्हटलं.

खाली हेतलबेन आल्या. फटीतून त्यांनी हिऱ्याच्या अंगठ्यांसकट दोन बोटं आरपार घातली आणि विचारलं, "आ कोनुं काम छे?"

"मामांनी बाहेरून सांगितलं होतं, बेन," वैभव पटकन म्हणाला. "मी तसंच कळवलं."

मारुतीने मान खाली घातली. शिव्या पडतील, दोन दिवस घरी बसवतील, असा त्याचा हिशेब. हेतलबेन शिव्या देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या खुर्ची मागवून बसल्या आणि हसल्या. "उमर हो गई है, भूल तो होगी," त्या म्हणाल्या. "लेकिन भूल याद रहनी चाहिए. कान पकडो. इक्कीस उठक-बैठक."

मारुतीला वाटलं, थट्टा आहे. त्याने वैभवकडे पाहिलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यात वात, भोवती रंगारी, फरशीवाले, सुतार मिळून वीसेक जण. त्यातल्या निम्म्यांना त्यानेच पटाशी धरायला शिकवलेली.

"मामा, काढून टाका ना," वैभव हलकेच म्हणाला. "विषय संपतो."

मारुतीने कान धरले. शेठाणींनी फोनचा कॅमेरा समोर धरला, आणि त्यांना आकडे मोजायची तसदी नको म्हणून वैभव मोजू लागला, मोठ्याने. बाराव्याला मारुतीचा गुडघा दुमडला आणि तो फरशीवर बसला. एक रंगारी हसला, मग त्याच्यामागे दोघंतिघं. वैभव थांबला नाही. मामा उठेपर्यंत "बारा, बारा" म्हणत राहिला. एकवीस झाले तेव्हा मारुतीचा सदरा पाठीला चिकटला होता. शेठाणींनी काचांबरोबर परत आलेला तो फर्माही घरात नको म्हणून फोडायला लावला. त्याच्या फळ्या चौकीदाराने पाणी तापवायला नेल्या.

संध्याकाळपर्यंत ती फिल्म ठेकेदारांच्या ग्रुपवर होती. शेठाणींनी ती वैभवला धाडली होती, आणि ग्रुपवर टाकणारा वैभवच, हे मारुतीला तिसऱ्या दिवशी कळलं. खाली त्याने लिहिलं होतं, 'फर्म्याचं काम देताना सांभाळून.' विचारलं तर म्हणाला, "शेठाणीनं सांगितलं मामा, माझा काय विलाज?"

दोन महिने मारुतीचा फोन वाजला नाही. उधन्याचा ठेकेदार, जो वीस वर्षं त्याला सणाला मिठाई धाडायचा, तो रस्त्यात दिसला तर मोटारसायकल वळवून गेला. मारुती घरात बसून पार्वतीला टिकल्या लावू लागला. त्याच्या जाड बोटांनी टिकल्या वाकड्या बसायच्या आणि ती मुकाट्याने त्या उचकटून परत लावायची. भाच्याचं नाव निघालं की मात्र तिच्या तोंडाला लगाम राहत नसे.

मग एके दिवशी वैभव पेढे घेऊन दारात. नव्या मिस्त्रीने दोन फर्मे बिघडवले होते. बंगल्याची वास्तुशांत तोंडावर आलेली.

"मामा, तुमीच करा. माप तुमच्यापाशी असंल."

माप होतं. प्रत्येक कामाची खाचा पाडलेली पट्टी मारुती माळ्यावर जपून ठेवायचा.

"करतो," मारुती म्हणाला. "पन ग्रुपवर लिव्हायचं. चूक मारुतीची नव्हती म्हणून. तुझं नाव नको घेऊ, कारखान्याचं घे."

"काच बसली की लगेच लिव्हतो. आईची आन."

पार्वती आतून ओरडली, "आईची आन कामून घेतो? सवताची घे की!" पण मारुती तेवढ्यात माळ्यावर चढलासुद्धा होता.

चार दिवस गल्लीत बसून त्याने फर्मा केला. तसा त्याने जन्मात केला नसेल. वाटेत पिळू नये म्हणून टेम्पोत तो धरून बसायला माणूस हवा होता, म्हणून मारुतीही इच्छापोरला गेला. कारखान्यात गोपालने फर्म्यावरून हात फिरवला आणि शीळ घातली. "वैभवभाई, हा कोणी केला?"

"मीच," वैभव म्हणाला. "मामाचं बघून पहिल्यापास्नं शिकलो सगळं. दुसऱ्या शेठचा बंगला पण मिळतोय आता. डिझाइनपासून फर्म्यापर्यंत सगळं माझंच."

गोपालने फर्म्याचं दुसरं टोक धरलेल्या माणसाकडे आता कुठे पाहिलं. "अरे, हे तेच ना? उठकबैठकवाले?"

"तेच," वैभव हसला. "हमालीला आणलंय. घरातलं मानूस, टाकता थोडंच येतं?"

तीस वर्षांत मारुतीला एवढा राग कधी आला नव्हता. हातातलं टोक खाली आपटावं, भाच्याचं थोबाड फोडावं, असं त्याला झालं. ग्रुपवर एक ओळही येणार नव्हती, ते त्याला उभ्याउभ्या कळलं. त्याचं नाव आता वैभवच्या खिशात होतं आणि तो ते परत देणार नव्हता.

गोपालने वही काढली. "बोला, फर्मा आतून की बाहेरून?"

 घाईत वैभवने मामाला या खेपेचं विचारलंच नव्हतं, आणि जन्मात स्वतः फर्मा केला असता तर विचारावं लागलं नसतं. त्याने मारुतीकडे पाहिलं. त्या नजरेत अजिजी होती. गच्चीवरच्यासारखीच.

मारुतीला सगळं लख्ख दिसलं. काच येईल. दोन बोटांची फट पडेल. शेठाणी खुर्ची मागवतील. या खेपेला फर्मा कोणाचा, ते आत्ताच चारचौघांत बोलून झालंय.

"बाहेरून," तो म्हणाला.

फर्म्याविषयी आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

वैभवने सुटकेचा श्वास टाकला. गोपालने मात्र पेन वर केलं आणि खो खो हसत सुटला. "अरे वैभवभाई, मागच्या वेळेला पण यांनी बाहेरूनच सांगितलं होतं ना? आणि काय झालं? म्हणजे आतूनच असणार! लिहितो, आतून."

भट्टीवरची दोन पोरंही हसली. आपलंच जुनं खोटं आता मोडता येईना, म्हणून वैभवही हसला, मामाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लिव्ह, आतून."

गोपालने लिहिलं आणि खाली वैभवची सही घेतली. मारुती टोक धरून उभा होता.

काच आली आणि चौकटीत अशी बसली की कागद सरकायला जागा नाही. वास्तूच्या दिवशी शेठाणींनी वैभवच्या खांद्यावर शाल घातली. तो फोटो ग्रुपवर आला. त्याखाली बरेच अंगठे होते, पण मारुतीविषयी एक ओळ नव्हती.

पार्वतीने तो फोटो शेजारणीच्या फोनवर पाहिला आणि हातातली साडी फेकून दिली. देव्हाऱ्यातला भंडारा तिने ताटलीत काढला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"उठा. आत्ताच्या आत्ता शेठाकडं जायाचं. मीपन येते. ह्याच्यावर हात ठेवून सांगा, फर्म्याच्या बाबतीत मारुतीच्या तोंडून कधी खोटं न्हाई निघालं म्हणून. शेठ देवाधर्माचा मानूस हाय, ऐकंल. मी तुमाला वळखते. तीस वर्सं वळखते."

मारुतीने हात पुढे केला. ताटलीच्या वर आला, आणि तिथेच राहिला. पंधरा दिवसांपूर्वी हा हात त्याने बेधडक टेकवला असता.

"ठेवा की," पार्वती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला.

पार्वती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि तिथे दुसरंच काही आलं, जे त्याने तीस वर्षांत तिथे पाहिलं नव्हतं.

"म्हंजी पोरगं खरं बोलत व्हतं?" तिने विचारलं. "पयली चूक तुमचीच व्हती? आन मी गल्लीभर त्याला शिव्या देत फिरले?"

मारुतीला सांगता आलं असतं. पण सांगायचं तर इच्छापोरचं ते 'बाहेरून'ही सांगावं लागलं असतं.

"हो," तो म्हणाला.

पार्वतीने भंडारा पुन्हा डबीत भरला. दुसऱ्या दिवशी तिने भाच्याला जेवायला बोलावलं.