अर्ध्या डोंगराचा बर्फ

मित्सुएने उपाहारगृहाचं पायपुसणं बाहेर नेऊन दारासमोरच्या खांबावर आपटलं. चिखलाची ढेपळं उडाली. डिसेंबरचा पहिला शनिवार, स्कीच्या हंगामाचा पहिलाच दिवस, आणि लोकांच्या बुटांबरोबर आत येत होता तो चिखल.

“वहिनी, त्या खांबाने काय घोडं मारलंय तुमचं?” लिफ्टच्या खोपटातून ओगाताने विचारलं.

“खांब निदान उभा तरी आहे. तुमच्यासारखा दिवसभर बसून नाही.”

ओगाता खो खो हसला. मित्सुएच्या नवऱ्याचा हा जुना दोस्त. नवरा गेला, तीन वर्षांपूर्वी डोंगरावर गस्तीला असणारा मुलगा शुइचीही आजारात गेला, पण ओगाताने थट्टा सोडली नव्हती. त्याचे उपकारच होते ते.

आज त्याला काम दुप्पट होतं. डोंगराच्या खांद्यापर्यंतचा सगळा उतार उघडा पडला होता, नुसतं पिवळं गवत. बर्फ होता तो खांद्याच्या वर, तोही रुंदीला जेमतेम. त्यामुळे स्कीवाले आणि स्नोबोर्डवाले तारेला टांगलेल्या खुर्च्यांच्या मोठ्या लिफ्टने वर जायचे, दिवसभर त्या पट्ट्यावर घसरायचे आणि पुन्हा लिफ्टमध्ये बसूनच खाली यायचे. एरवी लिफ्ट माणसं फक्त वर न्यायची, उतरायचं ज्याने त्याने आपापल्या पायांवर. मित्सुएला घसरता येत नव्हतं. पायथ्याशी उपाहारगृह चालवत तिने एक्केचाळीस हिवाळे काढले, पण हिवाळ्यात ती एकदाही वर गेली नव्हती.

दुपारी दोनच्या सुमारास वरून फोन आला. गस्तीच्या पथकातली होनामी बोलत होती.

“काकू, सकाळपासून रानातला बर्फ ताडपत्रीत भरून पट्ट्यावर ओततोय. पट्टा तुटला तर उद्या बंद ठेवावं लागेल. खाली यायला कुणालाच फुरसत नाही. काही खायला पाठवता येईल का?”

मित्सुएने अळकुड्यांचं सूप डब्यात ओतलं. सुनेने, चिनात्सुने, भाताचे गोळे वळून दुसरा डबा भरला.

“जा, देऊन ये,” मित्सुए म्हणाली.

“दोन डबे आहेत, आई. तुम्हीही चला ना. यंदा परत आणतेय लिफ्ट.”

“आणि इथे कोण बघेल?”

“मी बघतो!” ओगाता दारातूनच म्हणाला. “लिफ्टला माझा पुतण्या आहे. जा वहिनी, खाली पडलात तर उचलायला येईन.”

मित्सुएला आढेवेढे घेता येईनात. खरी भीती पडण्याची नव्हतीच. खुर्ची दोघींची, रस्ता बारा मिनिटांचा, आणि मध्ये उठून पळायला जागा नाही.

चिनात्सु सेंदाईहून आल्यापासून, म्हणजे काल संध्याकाळपासून, काहीतरी सांगू बघत होती. ती “आई” म्हणून थांबली की मित्सुएला काहीतरी काम आठवायचं. ती काय सांगणार हे मित्सुएला ठाऊक होतं. ऑक्टोबरात डोळे दाखवायला सेंदाईला गेली असताना तिने बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. एक उंच माणूस, त्याच्या खांद्यावर एक लहान मुलगी, आणि टाचा उंचावून त्या मुलीचं नाक आपल्या रुमालाने पुसणारी चिनात्सु. परक्याच्या पोराचं नाक असं कुणी पुसत नाही.

खुर्चीने दोघींना गुडघ्यामागून उचललं. मित्सुए लगेच बोलायला लागली. यंदाचे मुळे, शेजारणीची मांजर, छपराची गळती.

“आई, मला जरा—”

“आणि ती मांजर, ऐक ना, सरळ लोणच्याच्या पिंपावर—”

तेवढ्यात धुकं आलं. आधी पुढची खुर्ची गेली, मग डोक्यावरची तार, मग मांडीवरचा डबासुद्धा अंधूक झाला. मित्सुए मांजरीबद्दल आणखी थोडं बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटायला लागला, तशी ती गप्प झाली.

मग एकाएकी वर निळं उघडलं.

खुर्ची धुक्यातून बाहेर निघाली, आणि मित्सुएने श्वास घेतला तो सोडायचंच विसरली. खाली गाव नव्हतं, रस्ता नव्हता, पिवळं गवत नव्हतं. कापसाचं शेत असावं तसा ढग दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता, आणि दूरचे डोंगर त्यातून नुसती डोकी वर काढून बसले होते. समोर खांद्यावर झाडं गोठून पांढरी झाली होती, फांदीन् फांदी. त्यांच्यामधून बर्फाचा तो पट्टा चकाकत उतरत होता. त्यावरून चिमुकली माणसं वळणं घेत येत होती आणि एवढ्याशा बर्फावर हर्षाने ओरडत होती.

“शुइची रोज हे बघायचा?” तिने विचारलं.

“रोज,” चिनात्सु म्हणाली. “तुम्हाला सांगायचा की.”

“सांगायचा. मी भांडी घासत असायचे.”

होनामीने डबे घेतले, वाकून आभार मानले आणि दोघींना गस्तीच्या खोलीमागच्या कड्याकडे पिटाळलं. “सूर्य उतरलाय. धावा काकू, आज दिसेल बहुतेक!”

कड्यावर सूर्य पाठीशी आला. खालच्या ढगावर दोन लांबलचक सावल्या पडल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या डोक्याभोवती रंगांचं कडं होतं. आत फिकट जांभळं, मग हिरवं, मग सोनेरी, बाहेर तांबडं. इंद्रवज्र. मित्सुएने हात उचलला. रंगांचं कडं असलेल्या सावलीनेही उचलला.

तिने हात जोडले. मरणाच्या वेळी अमिदा बुद्ध न्यायला येतात तेव्हा असंच तेज दिसतं, असं तिची आजी सांगायची.

“चिनात्सु,” ती कुजबुजली, “मला न्यायला आले गं. आणि मी रात्रीचे तांदूळ भिजवलेले नाहीत.”

“तुम्हाला कुठे, आई? कडं माझ्या डोक्याभोवती आहे.”

“तुझ्या? डोळे फुटले का? ही काय, माझी सावली. हात हलवतेय बघ.”

“आणि ही माझी. मीही हलवतेय.”

दोघी हात हलवत उभ्या राहिल्या. मागून भाताचा गोळा चावत आलेली होनामी हसली.

“भांडू नका. मला माझ्याभोवती दिसतंय. ज्याला त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याचं कधीच दिसत नाही.”

मित्सुएचा विश्वास बसला नाही. ती दहा पावलं बाजूला सरकली. कडं तिच्याबरोबर सरकलं. चिनात्सुची सावली तिकडे लांब, एकटी, काळी, कोरी.

“तुझं आहे का अजून?” तिने मोठ्याने विचारलं.

“आहे!” चिनात्सुने ओरडून सांगितलं. तिच्या आवाजात शाळेतल्या मुलीचं हसू होतं. किती दिवसांनी ऐकलं हे, मित्सुएच्या मनात आलं. मग ओठ आवळून ती दुरुस्त करत म्हणाली, स्वतःशीच, किती वर्षांनी.

ती त्या कोऱ्या सावलीकडे बघत राहिली. तेज होतं तिथे. इथून दिसत नव्हतं, एवढंच.

सूर्य ढगाआड गेला तसे रंग विझले. होनामी फावडं घेऊन पट्ट्याकडे पळाली. मित्सुए दहा पावलं परत आली आणि सुनेच्या बाहीवर बसलेले बर्फाचे कण झटकत राहिली. कण गेले तरी झटकत राहिली.

परतीच्या खुर्चीत बसवायला वरच्या टोकाला कुणी पोक्त माणूस होता. त्याने दोघींच्या मांडीवरचा दांडा खाली ओढला, आणि खुर्ची पायांखालची जमीन सोडून ढगाकडे तोंड करून निघाली. चिनात्सुने रिकामे डबे पोटाशी धरले होते. ती दोनदा खाकरली. या वेळी मित्सुएला मुळे आठवले नाहीत, मांजर आठवली नाही.

धुकं दोघींच्या बुटांना लागलं, मग गुडघ्यांना.

“त्याची मुलगी,” मित्सुए समोर बघत म्हणाली, “केवढी आहे?”

चिनात्सु तिच्याकडे वळली. डब्यांची झाकणं एकमेकांवर खुळखुळत होती.

“सहा वर्षांची,” ती म्हणाली. आवाज ओला होता. “आई, मी कालपासून—”

“ठाऊक आहे. सर्दी होते का तिला नेहमी?”

“हो. थंडी सुरू झाली की.”

“आल्याचं पाणी द्यावं. नाव काय?”

चिनात्सुने नाव सांगितलं, पण नेमकी त्याच क्षणी खुर्ची खांबावरच्या चाकांवरून खडखडत गेली. सगळीकडे पांढरं होतं. मित्सुएने चाचपडत सुनेचा हातमोजा शोधला आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“परत सांग,” ती म्हणाली.