पहिलीच भेट

नाकासूत, शहरातल्या या बारच्या पेठेत, गिऱ्हाईकं मला मामासान म्हणतात, म्हणजे आईसाहेब. मूलबाळ मला एकही नाही, पण बार चालवणाऱ्या बाईला इथं तेच म्हणायची रीत आहे. दुसरी रीत अशी, की बारमधल्या मुली दुकानापुरतं वेगळं नाव लावतात आणि खरं नाव कुणी विचारत नाही, मीसुद्धा नाही. रिन तीन वर्षं माझ्याकडे होती. तिचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी दिवे लागून तास-दीड तास झाला होता. मासळीचा व्यापारी यासुजी एका म्हाताऱ्याला घेऊन आला. यासुजी दिलदार माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"मामासान, हा मोरिहिको. इकी बेटावरचा कोळी. सत्तरीला टेकला आणि आता म्हणतो, मला नाकासू दाखव! चार बार फिरवून आणलं. आत शिरतो, पोरींची तोंडं बघतो आणि म्हणतो, चल पुढं. म्हातारचळ, दुसरं काय!"

म्हातारा हसला नाही.

रिन हात पुसायचा गरम रुमाल घेऊन आली. खाली मान घालून रोजच्यासारखं म्हणाली, "पहिलीच भेट. मी रिन." मग तिनं वर पाहिलं आणि रुमाल तिच्या हातातच राहिला. नवख्याला आम्ही सगळे हेच म्हणतो, आणि समोरच्यानंही तेच म्हणायचं असतं. म्हातारा जरा थांबला. मग उठून कमरेत वाकला.

"पहिलीच भेट. मी मोरिहिको."

"अरे, मुलगी बघायला आल्यासारखा काय बसलास?" यासुजी खिदळला. "बोल की तिच्याशी!"

रिननं त्याच्या पेल्यात जवाची दारू ओतली, वर गरम पाणी घातलं. किती घालू, हे तिनं विचारलं नाही. मी ते पाहिलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"आपल्याला मुलंबाळं?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

म्हाताऱ्यानं आधी यासुजीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाहीत."

"याला कोण असणार? हा आणि याची बोट!" यासुजी म्हणाला.

ते दोघं निघाले तेव्हा रिन रिवाजाप्रमाणे लिफ्टपर्यंत पोचवायला गेली. लिफ्टचं दार मिटलं तरी ती वाकूनच उभी होती. आत आली ती पर्स घेऊनच निघाली.

"मामासान, मी उद्यापासून येणार नाही. ते माझे बाबा होते. मी घर सोडलं तेव्हा म्हणाले होते, मला मुलगी नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, रागाच्या भरात बोलले असतील."

मी परोपरीनं समजावलं. तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा एकटाच आला.

"रिनसान आहेत का?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "रिनसान? काल तर तुम्हाला मुलगी नव्हती!"

तो खुर्चीवर बसला. "तिनंच परकं नाव सांगितलं हो. मला वाटलं, तिला ओळख द्यायची नाही. शेजारी तो यासुजी. सकाळपर्यंत सगळ्या बेटावर डांगोरा पिटला असता त्यानं. म्हटलं, चारचौघांत तिची लाज काढायची नाही. आज एकट्यानं येऊन सांगायचं, चुकलं माझं, घरी चल."

"पण तिनं विचारलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं, सोंग वठवतेय. मी साथ दिली."

आग लागो आमच्या असल्या सभ्यपणाला! बाप लेकीची अब्रू राखत बसला, लेक बापाच्या एका शब्दाची वाट पाहत बसली, आणि मी शेजारी उभी राहून बर्फ फोडत होते. रिननं सकाळीच खोली सोडली होती. फोन बंद होता. ती कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं.

"कधी आलीच, तर काय निरोप देऊ?" मी विचारलं.

तो उठला. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि माझ्यासमोर कमरेत वाकला.

"सांगा, नामिए माझी मुलगी आहे."