पहिली ओवी रुसलेल्याला

"पहिली माझी ओवी, रुसल्या शेजारणीला,
दुसरी ओवी गाते, येशू माझ्या राजाला..."

राहुरीजवळच्या गावात बायबलबाई म्हणून बायबल वाचून दाखवत वस्तीवस्तीतून फिरणाऱ्या माईंचा हा आवाज. गोधडीला टाके घालता घालता त्या गायच्या. भरल्या घागरीवर बोट वाजवावं तसा तो आवाज होता, जड आणि गार. बाकीच्या बाया पहिली ओवी देवाला देत. माईंची पहिली ओवी मात्र त्या दिवशी जिच्याशी वाजलं असेल तिच्या नावाची. त्यांचा लहानगा लेक भाऊ विचारायचा, "माई, देवाला राग नाही येत, दुसरा नंबर दिला म्हणून?"

माई दाताने दोरा तोडत म्हणायच्या, "देवाला थांबता येतं रे. रुसलेल्या माणसाला नाही थांबता येत."

त्या भाऊचे आता भाऊसाहेब पाटोळे झाले आहेत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले, दिल्लीत द्वारका सेक्टर अकरामध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. माईंची गोधडी दिवाणावर अजून आहे. ओवी मात्र साठ वर्षांच्या घडीत कुठेतरी दबून गेली.

दिल्लीतली पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी भक्तीला जमतात. गीतं होतात, वचन होतं, मग सगळे डोळे मिटतात आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. त्यानंतर चहा-पोहे. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मधे बोलायचं नाही, हा आपला जुना रिवाज, आणि चांगलाही. पण वाचकहो, जिथे मधे कुणी बोलत नाही, तिथे माणूस काय काय बोलून घेतो!

भाऊसाहेबांची पाळी आली की पोहे परतणाऱ्या बाया गॅस बारीक करत. घाई नाही हे त्यांना ठाऊक असे.

"हे दयाळू पित्या," ते सुरू करत, "दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या शनिवारी, द्वारका सेक्टर अकराच्या मेट्रो स्टेशनच्या गेटपाशी, सायंकाळी सहा ते आठ या वेळात, ज्या बंधूने तुझ्या दासाला थंडीत उभं ठेवलं, त्या बंधूला मी क्षमा करतो. मी त्याचं नाव घेत नाही. प्रभू, तू ते जाणतोस. इथे बसलेलेही जाणतात. त्याचं कठीण अंतःकरण मऊ कर."

"आमेन," सगळे म्हणत. सर्वांत मोठ्याने आमेन म्हणे तो बंधू स्वतः, समोरच्या खुर्चीतले विश्वनाथ आढाव!

घडलं होतं ते असं. कॅरलची, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर जाणाऱ्या मंडळींची, गाडी भाऊसाहेबांना सेक्टर अकराच्या स्टेशनवर घेऊन फरीदाबादला जाणार होती. गाडीचा बंदोबस्त विश्वनाथकडे. भाऊसाहेब सांताक्लॉज. ते तयारीनिशी उभे राहिले. लाल झगा, कापसाची दाढी, हातात घंटा आणि पोटावर दोन उशा सुतळीने आवळलेल्या. सहा वाजले, सात वाजले, गाडी नाही. पोट अधूनमधून थरथरत होतं. त्यांना वाटलं, थंडीने. आठ वाजता चिडून फरीदाबादच्या मंडळींना तोंड दाखवायला ते मेट्रोनेच निघाले, तर तपासणीच्या जवानाने अडवलं.

"बाबाजी, पेट में क्या है?"

"तकिया."

"निकालिए."

भर स्टेशनात सांताक्लॉजचं पोट उतरलं. उशांखाली, पॅंटच्या खिशात, फोन थरथरत होता. विश्वनाथचे सतरा मिस्ड कॉल. "आता आठवण झाली होय!" म्हणून भाऊसाहेबांनी फोन बंदच केला. तेवढ्यात शाळेच्या सहलीवरून परतणाऱ्या पोरींनी त्यांना घेरून सेल्फी काढले. फरीदाबाद राहिलं. दाढी हातात घेऊन ते घरी आले.

विश्वनाथ पुढे एकदाच म्हणाले, "भाऊ, मी कळवलं होतं रे."

"मला कुठलंही पत्र नाही, मेसेज नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्या दिवसापासून बोलणं बंद. उरल्या त्या प्रार्थना.

आणि ही दोन माणसं कोण? अठ्ठ्याऐंशी साली आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या एका खोलीत राहिलेली. स्टोव्ह एक, बादली एक, आणि पहिल्या हिवाळ्यात दोघांत स्वेटरही एकच. सोमवारी भाऊने घालायचा, मंगळवारी विश्वनाथने. ज्याचा स्वेटरचा दिवस नसे, तो बसस्टॉपपर्यंत पळत जाई, ऊब यावी म्हणून. दुसराही त्याच्याबरोबर पळे, उगीच, सोबत म्हणून!

यंदा ऑक्टोबरात बातमी आली. पत्नी गेल्यापासून एकटे पडलेले विश्वनाथ दिल्ली सोडून नाशिकला लेकीकडे, संपदाकडे, कायमचे चालले होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी शेवटची भक्ती, सोमवारी विमान.

त्या रविवारी दुपारी भाऊसाहेबांच्या घरी अलकाताईंनी नवऱ्यासमोर चहा ठेवला आणि स्वतः समोर बसल्या. नवऱ्याने ओळखलं, आज चहाबरोबर आणखीही काही मिळणार.

"आजही करणार का क्षमा?"

"म्हणजे? वचनाप्रमाणे क्षमा करणं आपलं कर्तव्यच आहे."

"अहो, तुम्ही त्यांना क्षमा करता की दर महिन्याला समन्स पाठवता? तारीख, वेळ, स्टेशन! देवाला काय पत्ता विसरायला होतो?"

"अलका, प्रार्थनेची थट्टा नको."

"थट्टा मी नाही करत. बरं, मला सांगा, ही तक्रार तुम्ही देवावर सोपवलीत ना?"

"बिल्कुल."

"मग दर महिन्याला जाऊन ती फाइल परत का मागून आणता? ऑफिसात कुणी असं केलं असतं तर तुम्हीच मेमो दिला असता."

भाऊसाहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. ते वेळेवर काढायला विसरले आणि अर्धं बुडालं.

"देवावर सोपवलं म्हणायचं," अलकाताई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि दोरी आपल्याच मुठीत ठेवायची, ह्याला विश्वास नाही म्हणत. दोन वर्षांत तुम्ही देवाला सगळं सांगितलंत. त्या माणसाला एकदा तरी काही सांगितलंत का? यार, उद्या जाईल तो! मग कुणाला क्षमा करणार? मला?"

भाऊसाहेब चमच्याने ते बुडालेलं बिस्किट शोधू लागले. कारण वाचकहो, त्यांच्या पोटात एक गोष्ट होती, दोन उशांहून जड. ती आता तुम्हाला सांगायला हवी.

व्हॉइस मेसेज ऐकायचा नाही हा भाऊसाहेबांचा नियम. "तोंडी निरोप म्हणजे निरोप नव्हे. लेखी कळवा." त्यामुळे त्या शनिवारी विश्वनाथने बोलून पाठवलेला निरोप फोनमध्ये तसाच पडून राहिला. या मार्चमध्ये फोन भरला म्हणून ते जुनं जुनं पुसायला बसले, आणि अंगठा चुकून त्या निरोपावर पडला. खोलीत विश्वनाथचा आवाज उमटला.

"भाऊ, सेक्टर अकराच्या रस्त्यावर खोदकाम चाललंय, गाडी आत येत नाही. तू एक स्टेशन पुढे दहाला ये. आम्ही तिथेच थांबतो, तुझ्याशिवाय निघणार नाही. आणि ऐक, थंडी आहे. झग्याच्या आत स्वेटर घाल."

भाऊसाहेबांनी तो तीनदा ऐकला. मग दार लावून चौथ्यांदा. पण चौदा महिने ज्याला क्षमा केली, त्याची आता क्षमा मागायची? सगळ्यांदेखत? लोकांनी म्हटलेल्या एवढ्या आमेनांचं काय करायचं? बरं, प्रार्थना एकदम थांबवावी तर लोक कारण विचारतील! म्हणून त्यांनी ती चालू ठेवली. उलट थोडी वाढवली. मे महिन्यापासून त्यात सेल्फी काढणाऱ्या पोरीही आल्या.

शेवटची भक्ती प्रभामावशींच्या घरी होती. मावशी ऐंशीच्या, सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. अजून कुणी समोर आलं की आधी नाडी बघतात आणि मग सलाम घेतात. बैठकीत सतरंजी, तिच्यावर मंडळी, दाराशी चपलांचा ढीग. विश्वनाथ आपल्या नेहमीच्या खुर्चीत. सामान बांधून झालेलं असावं. एरवी नीटनेटका माणूस, आज शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं.

गीतं झाली. नेहमी वरच्या पट्टीत जाणारे विश्वनाथ आज शेवटचं कडवं गाता गाता थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग डोळे मिटले गेले. प्रार्थना फिरत फिरत भाऊसाहेबांपाशी आली. आत गॅस बारीक झाला.

"हे दयाळू पित्या," भाऊसाहेब म्हणाले, आणि अडकले.

घड्याळ टिकटिकलं. कुणीतरी खोकलं. आणि त्या शांततेत, घरच्या दिवाणावरच्या गोधडीच्या घडीतून निघावा तसा, एक जुना आवाज त्यांच्या कानाशी आला, जड आणि गार. देवाला थांबता येतं रे.

भाऊसाहेबांनी डोळे उघडले! प्रार्थनेच्या मधोमध! अलकाताईंनीही एक डोळा उघडलेला होताच, त्यांनी दुसराही उघडला.

"प्रभू, तू जरा थांब," भाऊसाहेब म्हणाले. "विश्वनाथ..."

आता सगळ्यांचेच डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात दोन उलथनी दिसू लागली.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. चौतीस वर्षांची नोकरी जिभेवर येऊन बसली. "संदर्भित दिवशीचा तोंडी निरोप संबंधितांस यथावकाश प्राप्त झाला होता, असं मार्च महिन्यात निदर्शनास आलेलं आहे."

"अहो, मराठीत बोला!" अलकाताई म्हणाल्या.

"म्हणजे... तुझा मेसेज आला होता. मी ऐकला नव्हता. मग मार्चमध्ये ऐकला."

सतरंजीवर कुजबुज पसरली. विश्वनाथ मात्र हसले, अगदी थोडे.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"भाऊ, आपल्या दोघांतला तो शेवटचा निरोप. त्यानंतर ना तू काही पाठवलंस, ना मी. रोज सकाळी उठलो की मी बघायचो. त्याच्यापुढचा तो छोटा माइक करडाच असायचा. म्हणायचो, यार, ह्याने अजून ऐकलंच नाही, मग राग बरोबरच आहे त्याचा. सोळा मार्चला तो निळा झाला, म्हणजे तू ऐकलास."

"आणि तू बोलला नाहीस? आठ महिने? मी इकडे प्रार्थनेत तुला..." भाऊसाहेबांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आणि तू आमेन म्हणत होतास!"

"म्हणणारच. 'अंतःकरण मऊ कर' म्हणत होतास ना तू? मी म्हणायचो, आमेन, प्रभू, कर. कुणाचं, ते त्याचं तो बघेल. मी त्याच्यावर सोडलं होतं. फक्त वाटायचं, माझं विमान जरा लवकर आहे."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसू सगळ्या खोलीत फिरलं. पण हसता हसता दोन-तीन पदर डोळ्यांना लागले.

प्रभामावशी भिंतीला धरून उठल्या. भाऊसाहेबांजवळ आल्या आणि सवयीने त्यांची नाडी हातात घेतली.

"जोरात चाललीय," त्या म्हणाल्या. "चलो, चांगलं आहे, जिवंत आहेस. ऐक भाऊसाहेब, आणि तुम्हीही ऐका रे सगळे. क्षमा करणारा वरच्या पायरीवर उभा असतो, म्हणून ते आपल्याला आवडतं. क्षमा मागणाऱ्याला खाली उतरावं लागतं, आणि उतरताना गुडघे दुखतात. पण प्रभू स्वतः कुठे भेटला आपल्याला? वरच्या पायरीवर? तो तर टॉवेल घेऊन खाली बसला, शिष्यांचे पाय धुवायला! ज्याला देवावर भरवसा आहे, त्याला आपली इज्जत स्वतः सांभाळत बसावं लागत नाही. दुसऱ्याचा न्याय देवावर सोड आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांग. आपण उलटं करतो. दुसऱ्याची चूक तोंडाने सांगतो आणि स्वतःची देवावर सोडतो."

"पण मावशी, मी सांगितलं की," भाऊसाहेब कसेबसे म्हणाले.

"मेसेज आला, मेसेज ऐकला, एवढंच सांगितलंस. ते तर फोनही सांगतो. पोहे गार होतायत, बाळा."

भाऊसाहेब उठले. सतरंजीवरून, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, एकाच्या बोटावर पाय देत ते समोरच्या खुर्चीपाशी पोचले. दोन वर्षांत ते अंतर सहा फुटांहून जास्त कधीच नव्हतं. विश्वनाथ उभे राहिले. त्यांच्या अंगात स्वेटर नव्हता. बांधून टाकला असावा, किंवा आज त्यांचा दिवस नसावा. भाऊसाहेबांनी आपला स्वेटर डोक्यावरून काढला, त्यात चष्मा अडकला, केस उभे राहिले, आणि तशाच अवतारात त्यांनी तो मित्राच्या हातात दिला.

"उद्या सोमवार आहे," विश्वनाथ म्हणाले. "सोमवार तुझा."

"गप रे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरल्या घागरीसारखा झाला होता. "विश्वनाथ, चुकलो मी. मला माफ कर."