आता तरी मला उसवू नका

मित्रांनो, लोकरीला सहसा राग येत नाही. आमचा जन्मच ऊब देण्यासाठी झालेला असतो. पण मी एक जुनी, जांभळी लोकर आहे आणि आज तुमच्यापुढे अगदी वैतागून बोलते आहे. माझी कहाणी ऐका, आणि मग तुम्हीच सांगा, मी वैतागू नको तर काय करू?

माझं बालपण मेंढीच्या पाठीवर गेलं. तिथून मी एका कातणाऱ्या बाईच्या हाती आले. ती मोठी भाविक होती. चाती फिरू लागली की तिच्या ओठांवर देवाचं नाव सुरू व्हायचं आणि माझ्या प्रत्येक पिळात ते नाव अलगद गुंफलं जायचं. मध्येच धागा तुटला, तर ती कपाळाला हात लावत नसे. दोन्ही टोकं ओली करायची, तळहातावर चोळून एकजीव करायची आणि पुढे कातायची. "जपात एक मणी निसटला म्हणून देव काही दार लावून घेत नाही," असं ती म्हणायची. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे हेच ऐकायला माझे कान आसुसले!

रंगाऱ्याने मला जांभळ्या रंगात बुडवलं आणि एका आईने आपल्या लेकीसाठी माझा स्वेटर विणला. काय ते दिवस होते! लेक मला घालून शाळेत गेली की मैत्रिणी माझ्यावरून हात फिरवायच्या. शाळेतल्या बाईंनी तर मला उलटं करून आतले टाकेसुद्धा पाहिले आणि म्हणाल्या, "आईचा हात लागलाय हो." पुढे लेक मोठी झाली आणि माझ्या बाह्या तिच्या कोपरांवर चढू लागल्या. मग आईने मला उसवलं, धुतलं आणि गुंडा करून लेकीच्या लग्नात तिच्या ट्रंकेत ठेवलं. "पुढे काहीतरी विणशील," ती म्हणाली. पण संसाराच्या धबडग्यात लेकीला विणकाम कधी शिकायलाच मिळालं नाही. आई गेली. मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं पडून राहिले. ते मी निमूटपणे सोसलं. खरा छळ पुढेच होता.

त्या लेकीचा नवरा बसचा ड्रायव्हर. तो निवृत्त झाला आणि त्याच्या रिकाम्या हातांना काय करावं सुचेना. आधी त्याने मासे पाळले. मासे शेजाऱ्यांकडे गेले आणि काचेच्या टाकीत आता बटाटे राहतात. मग चित्रकला आली. तिचा रंग कागदापेक्षा पडद्यांवर जास्त आहे. मग बुद्धिबळ. पोस्टमनने हरवलं त्या दिवशी घोडे आणि उंट माळ्यावर गेले. मग माउथ ऑर्गन आला आणि तळमजल्यावरच्या कुत्र्याने तो बंद करायला लावला. सुरुवात मात्र प्रत्येक वेळी अशी दणक्यात, की वाटावं आता हा माणूस जग जिंकणार.

एके दिवशी त्याने शेजारच्या नर्सबाईंना पायरीवर बसून विणताना पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी विणकाम शिकणार. हे स्टिअरिंगपेक्षा सोपं आहे."

बायको भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बटाट्यांच्या शेजारी जागा करून ठेवू का आत्ताच?"

"तू हसू नकोस. तुझ्यासाठी मफलर विणतो. थंडी सरायच्या आत."

तिची सुरी थांबली. ती एका लॉन्ड्रीत कामाला होती. उजाडायच्या आत निघायची आणि दिवसभर ओल्या चादरी उचलायची. खाली वाकलं की गळ्यातला रुमाल घसरायचा, गारवा शिरायचा, आणि थंडीभर तिचा आवाज बसलेला असायचा. ती उठली, ट्रंक उघडली आणि मला त्याच्या हातात दिलं.

"आईची आहे," ती म्हणाली. "एवढीच उरलीय. वाया घालवू नका हो."

नर्सबाईंनी त्याला टाके घालायला शिकवले, मग सुलट, मग उलट. हात जड होता, पण वळण चांगलं होतं. मी टाक्याटाक्याने वाढू लागले आणि मनात म्हटलं, देवा, दिवस पालटले! वीतभर झाले असेन. तेवढ्यात त्याला खालच्या ओळीत एक चुकलेला टाका दिसला.

"चुकलं!" असं ओरडून त्याने सुई उपसली आणि मला ओढत सुटला. सर्र, सर्र, सर्र. पहिल्या टाक्यापर्यंत!

"अहो, तेवढीच ओळ मागे जायचं होतं," नर्सबाई कळवळून म्हणाल्या.

"छे! चुकलेली फेरी मी पुढे रेटत नाही. डेपोपासून सुरुवात."

मग पुन्हा श्रीगणेशा! कडा वाकडी आली, उसव. टाके घट्ट झाले, उसव. पाहुणे आले, मोजणी विसरली, उसव! मित्रांनो, तुम्हाला निबंध लिहायला सांगावा आणि एका खोडलेल्या शब्दासाठी सगळी पानं टराटरा फाडावीत, तसं माझं झालं. ती थंडी गेली. पुढचीही गेली. दरवेळी ओढल्याने माझे तंतू झडत होते, पीळ विरत होता. एकदा तर मी चक्क तुटले. नर्सबाईंनी टोकं ओली करून, तळहातावर चोळून मला जोडलं आणि स्पष्ट बजावलं, "हे बघा, लोकर विरलीय. आता पुन्हा सगळं उसवलंत, तर हातात नुसते सुटे तंतू राहतील."

हे ऐकून त्याने मला घाबरून पिशवीत कोंबलं आणि पिशवी बटाट्यांशेजारी ठेवली. एरवी बायको टोमणा मारायची. त्या दिवशी नुसती पिशवीकडे पाहून, रुमाल गुंडाळून कामाला निघून गेली. तिचा खोकला जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येत राहिला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याने पिशवी उघडली आणि टाके घातले.

या वेळी मी हातभर वाढले. तो दबकत विणत होता. अशातच त्याचा जुना कंडक्टर गप्पा मारायला आला. बोलता बोलता ड्रायव्हरची नजर खाली गेली आणि त्याचा चेहराच उतरला. बऱ्याच खाली, ऐन सुरुवातीच्या कडेजवळ, सुईवर माझा एक वेढा जास्तीचा पडला होता आणि तिथे मोठं भोक राहिलं होतं.

त्याने सुई उपसायला घेतली. मित्रांनो, मी सुईला घट्ट चिकटून राहिले!

"काय करतोस?" कंडक्टर म्हणाला.

"भोक पडलंय. चुकलेली फेरी मी कधी पुढे नेली नाही."

"कधी नाही? आणि गच्च भरलेली गाडी भाजीबाजारात घातली होती ती कोणी? मी?"

"ते... वळण चुकलं होतं."

"मग डेपोत नेलीस परत? टोपल्यांमधून वाट काढत गेलोच ना शेवटच्या स्टॉपला! आणि ती म्हातारी आठवते? म्हणाली, बरं झालं लेकरा, मला इथेच उतरायचं होतं. तुला आशीर्वाद देऊन उतरली! टेकव ती सुई. डबल बेल, चल पुढे!"

ड्रायव्हर हसला नाही. त्याने त्या भोकावरून बोट फिरवलं आणि सुई परत आत सारली. मग त्याने एक टाका विणला. मग दुसरा. मला कातणाऱ्या बाईचे शब्द आठवले आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिसरी थंडी अजून सरली नव्हती, तोच त्याने शेवटचे टाके बंद केले. भोकावर अंगठा ठेवून त्याने मला बायकोपुढे धरलं. तिने त्याचा अंगठा बाजूला केला.

"चुकलंय तिथे," तो पुटपुटला. "उसवलं असतं, पण आईची लोकर..."

ती आत गेली. तो खाली मान घालून उभा राहिला. ती परत आली ती सुईदोरा आणि एक मोठं बटण घेऊन. माझ्या दुसऱ्या टोकाला तिने बटण शिवलं, मला गळ्याभोवती घेतलं आणि बटण त्या भोकात अडकवलं. मग चादर उचलायला वाकावं तशी खाली वाकली. मी तसूभरही घसरले नाही.

"आता बसा गप," ती म्हणाली, "आणि पायमोजे विणायला घ्या. लोकर मी आणते."

मित्रांनो, आता मी रोज पहाटे तिच्या गळ्याशी असते. माझी एवढीच विनवणी आहे. चित्र काढा, वाद्य वाजवा, विणा, हवं ते करा. चुकलं तर थोडं मागे या, नाहीतर तसेच पुढे चला. पण दरवेळी मुळापासून उसवू नका हो! आमचाही जीव विरतो. देव तुमच्या हातांना धीर देवो.