निर्मिती : धर्मेंद्र तेलगोटे

माया गेल्याचं धर्मेंद्र तेलगोटे सरांच्या आधी अमरावतीच्या सभागृहातल्या साठ मास्तरांना कळलं.

त्या दिवशी तिथं डिजिटल वर्गाचं प्रशिक्षण होतं. सर अकोल्याहून सकाळीच आले होते. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ते चौथीला शिकवत, आणि लॅपटॉपवर बनवलेले त्यांचे गणिताचे धडे जिल्ह्यात नावाजलेले होते. तेच आज दाखवायचे होते. सर पडद्याकडे पाठ करून उभे होते. मागे धडा चालू होता. भुईमुगाच्या शेंगा चार टोपल्यांत वाटल्या जात होत्या आणि एक बाई सांगत होती, "घाई करू नोका. पयले मोजा."

समोरच्या रांगेतले चेहरे बदलले. एक मास्तर उठून उभा राहिला. सरांना वाटलं, धडा अडकला. वळून पाहिलं तर पडद्याच्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपवरचा निरोप आला होता. लॅपटॉपवरचं ते व्हॉट्सॲप कार्यक्रमाआधी बंद करायचं असतं. दरवेळी सरांची बायको माया ते घरूनच बंद करून द्यायची, पण त्या सकाळी तिचं डोकं फार दुखत होतं. निरोप तिच्या भावाचा, अश्विनचा होता. "भाऊजी, फोन उचला. ताई गेली."

पडद्यावर ती अक्षरं वीतभर उंच दिसत होती. धड्यातली बाई बोलतच होती. "शाबास. आता दुसरी टोपली घ्या."

तो आवाज मायाचाच होता. सभागृहात हे एकट्या सरांना माहीत होतं.

शाळेतून सोबत आलेल्या चंद्रभान सरांनी त्यांना आपल्या गाडीत बसवलं. गाडी अकोल्याला निघाली. मायाचं डोकं पंधरा दिवसांपासून दुखत होतं. ती दोनदा म्हणाली होती, डॉक्टरला दाखवू. सर म्हणाले होते, अमरावतीचं आटपू दे, मग दाखवू. अमरावतीचं आटपलं होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनी सांगितलं, मेंदूतली नस फुटली, हाती काही राहिलं नव्हतं.

माया आणि सर दोघंही डी.एड. मायाला सरांपेक्षा सतरा टक्के जास्त होते. पण भरतीच्या वेगळ्या परीक्षेनंतर सरांचं नाव यादीत लागलं आणि मायाचं प्रतीक्षा यादीत राहिलं. ती यादी पुढे सरकलीच नाही. मूलबाळ झालं नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या, वरून आदेश आला की मुलांना मोबाईलवर शिकवा. सरांना साधा फोटो पाठवता येत नव्हता. माया म्हणाली, आणा इकडं. तिनं बघून बघून सगळं शिकून घेतलं. चित्रं जोडली, आवाज भरला. शेजारच्या वच्छलाबाईंच्या बकरीचा फोटो कापून असा बसवला की उत्तर बरोबर आलं की बकरी उडी मारायची. पोरं बकरीसाठी पाढे पाठ करू लागली.

शाळा सुरू झाल्यावर विस्तार अधिकारी ओमप्रकाश साहेब वर्गावर आले. बकरी पाहून खूश झाले आणि विचारलं, हा आवाज कोणाचा? सर म्हणाले, सॉफ्टवेअरमधली बाई आहे, साहेब. एवढंच. तेव्हा ते फार मोठं खोटं वाटलं नव्हतं. बायकोच्या जिवावर मास्तरकी करतो असं कोणी म्हणू नये, इतकाच विचार होता. घरी येऊन मायाला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "मंग मले चार्जिंगले लावत जा." दुसऱ्यांदा तेच सांगितल्याचं कळलं तेव्हा ती हसली नाही. तिसऱ्यांदा सरांनी घरी सांगितलंच नाही. पुढे शाळेत तो थट्टेचा विषय झाला. चंद्रभान सर म्हणत, "तेलगोटे सर, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्या बाईले सांगा, आमच्या घरच्यांले बी जरा गोड बोलायले शिकव." सर सगळ्यांबरोबर हसत.

प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानावर एक ओळ होती. निर्मिती : धर्मेंद्र तेलगोटे. ती ओळ मायानंच टाकली होती. सरांनी सांगितलं म्हणून.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकोल्याला घरासमोरच्या मांडवात झाला. भंतेजींनी वंदना घेतली. मग रिवाजाप्रमाणे लोक मायाविषयी दोन शब्द बोलले. ओमप्रकाश साहेब मुद्दाम आले होते. ते म्हणाले, तेलगोटे सरांनी जिल्ह्याचं नाव केलं, पण त्यामागं या माउलीचा हात होता. सर लॅपटॉपवर बसले की वहिनी वेळेवर चहा देत, घर सांभाळत, म्हणून एवढं काम झालं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की सरांचे धडे आता जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाणार आणि सरांना बक्षीस म्हणून नवा लॅपटॉप मिळणार. मांडवात टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. सरांनी हात जोडले.

माणसं गेल्यावर अश्विन खुर्च्या गोळा करत होता. त्याचं अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान. सरांकडे न पाहता तो म्हणाला, "भाऊजी, माही ताई चहा करत होती म्हणे."

चहा करत होती हे खोटं नव्हतं. चहा करून मग ती धडे करायला बसायची.

"माइक मी आणून देला होता तिले. पंखा बंद करून, घामानं भिजून बोलत होती दुपारभर. आन् पयल्या पानावर नाव कोनाचं?"

सर म्हणाले, टाकतो. धडे सगळ्या शाळांत जाण्याआधी तिचं नाव टाकतो.

अश्विननं हातातली खुर्ची खाली ठेवली. "तुमाले टाकता येते का पण?"

येत नव्हतं. एका रविवारी सर जुना लॅपटॉप घेऊन बसले. पहिलं पान उघडलं, नावावर बोट फिरवलं, कुठलं तरी बटण दाबलं. शेंगांच्या टोपल्या सरकून एका कोपऱ्यात गेल्या. त्या परत जागेवर येईनात. आता सगळाच धडा जातो की काय या भीतीनं सरांनी झाकण लावून टाकलं. चार वर्षं ती समोर बसून हे करत होती. एकदाही त्यांनी शेजारी बसून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला विचारायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की मला यातलं काहीच येत नाही.

नवा लॅपटॉप आला. काळा, हलका, पातळ. सोबत नवं सॉफ्टवेअर. ओमप्रकाश साहेबांनी सांगितलं, धडे चांगले आहेत, पण आवाज गावठी आहे. नवं सॉफ्टवेअर लिहिलेला मजकूर शुद्ध भाषेत वाचून दाखवतं, तोच आवाज लावून घ्या. सर हो म्हणाले. ते काम करायला अकोल्याच्या प्रशिक्षण केंद्रात आरती मॅडम होत्या. तिशीतल्या, कंत्राटी, कामाला चोख.

घरून निघताना सरांनी ठरवलं होतं, तिथं गेल्यावर मॅडमना सांगायचं. पहिल्या पानावर एक नाव टाकायचं आहे, एवढं तर सांगायचं होतं.

मॅडमनी धडे नव्या लॅपटॉपवर घेतले. तासाभरात सगळ्यांचा आवाज बदलला. मग त्या थांबल्या आणि पडद्याकडे बोट केलं.

"सर, फाईल बनवणाऱ्याचं नाव आत आपोआप बसते. तुमच्या दर फाईलवर माया तेलगोटे येऊन राहिलं."

सरांनी वाकून पाहिलं. खरंच होतं. बत्तीस ओळी, बत्तीस वेळा माया तेलगोटे. हे नाव तिनं टाकलं नव्हतं आणि सरांनी काढायला सांगितलं नव्हतं. मशीननं आपलं लिहून ठेवलं होतं.

"कोण हाय, सर?"

"घरचे," सर म्हणाले. "लॅपटॉप तिच्या नावानं घेतला होता."

मॅडमनी यादी खाली सरकवली. नावापुढे वार आणि वेळही दिसत होती. मंगळवार दुपारी दीड. गुरुवारी सव्वादोन. सोमवारी बारा. या वेळी मास्तर कुठं असतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी खुर्ची सरांकडे वळवली.

"ठेवायचं का हे नाव, सर? तुमी म्हणान तसं."

यापेक्षा सोपी वेळ कोणाला मिळत नाही. फक्त हो म्हणायचं होतं. सरांच्या डोळ्यासमोर साहेब आले, चंद्रभान सर आले, ते साठ मास्तर आले. सगळे हसत होते.

"काढून टाका," सर म्हणाले.

मॅडमनी बत्तीसही फाइली एकदम निवडल्या आणि एक बटण दाबलं. पापणी लवायच्या आत झालं.

"झालं. आता फक्त तुमचंच नाव हाय," त्या म्हणाल्या आणि पुढचं काम घेतलं. सर निघाले तेव्हा मॅडमनी मान वर केली नाही.

सोमवारी सरांनी वर्गात नवा लॅपटॉप लावला. कोरा करकरीत आवाज बोलू लागला. कृपया टोपलीतील शेंगांची गणना करा. पोरं चुपचाप बसून राहिली. उत्तर बरोबर आलं तेव्हा पडद्यावर फुगे उडाले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये बकरी चालत नव्हती. दुसऱ्या बाकावरची प्रणाली उभी राहिली.

"सर, पयलीवाली बाई कुठी गेली?"

"नवीन लॅपटॉप हाय. त्याच्यात हीच बाई येते."

"ते चांगली होती," प्रणाली म्हणाली. "ते थांबत होती आमच्यासाठी."

सरांनी तिला बसायला सांगितलं आणि पुढचं पान लावलं.

आता ते धडे जिल्ह्याभरातल्या शाळांत चालतात. अश्विन फोन उचलत नाही. जुना लॅपटॉप घरी कपाटात आहे. त्यात मायाच्या आवाजातले बत्तीस धडे आहेत आणि तेहेतिसावा, भागाकाराचा, अर्धा आहे. तो पूर्ण करणारं कोणी नाही. पहिल्या पानावर मायाचं नाव टाकायचं राहिलं आहे.